मागून येणारा

पेणला तेव्हा रेल्वे आली नव्हती. मी रोह्याच्या शाळेत शिकवी; सुट्टी लागली की घरी येई आणि तेल विकायला निघालेल्या बाबांसोबत खाडीकाठची गावं फिरे. त्या गुरुवारी परतताना मी तट्टावर पुढे, बाबा घोडीवर मागे.

खारबांध अरुंद. दोन घोडी शेजारी आली तर एकाचे खूर खाडीच्या कडेला लागत. म्हणून मागच्याने लांबून विचारायचं. पुढच्याने रुंद जागा बघून खाडीच्या बाजूला थांबायचं, जनावराचं तोंड मागच्याकडे वळवायचं आणि ‘जा’ म्हणायचं. मगच मागच्याने सावकाश पुढे जायचं.

“जाऊ का गो, रेचल?” बाबांनी विचारलं.

“नाय!”

“पोरांना शिस्त शिकवतेस, नि बापाला वाट देत नायस?”

“घोडी म्हातारी झालीय तुमची. राहा मागेच.”

ते हसले. लहानपणापासून हेच चालत आलेलं. मी ‘जा’ कधीच म्हणत नसे. म्हटलं तर ते पुढे जातील, आणि बांधभर पाठीशी येणारं त्यांचं बोलणं थांबेल.

शुक्रवारी सकाळी ते एकटेच निघाले. मिठागराचा नवा मुकादम मागून घोडा दौडवत आला. हाक नाही. खाडीचं पाणी अडवायच्या दारावर, उघाडीवर, काळुराम राखणीला होता. त्याने ओरडून थांबायला सांगितलं.

“बांध काय तुझ्या बापाचा हाय?” म्हणत मुकादम घासून गेला. घोडी बिचकली. बाबा उघाडीच्या दगडांवर पडले. काळुराम पोहोचला तेव्हा श्वास नव्हता. घोडी तिथेच उभी होती.

आम्हा बेने इस्राएलांना शब्बाथ लागायच्या आत, दिवस मावळण्याआधी, दफन उरकायला हवं होतं. कबरस्तान बांधापलीकडे, बायका उघाडीपर्यंतच जातात. मी सगळ्यांच्या पुढे चालत होते. उघाडीपाशी येऊन बांधाच्या मधोमध उभी राहिले.

मागे खांदेकऱ्यांची पावलं थांबली.

“रेचल,” पुढचा खांदा काळुरामचा होता, “जाव का गो?”



“ऊन उतरलं,” जोसेफकाका पुटपुटले. “बाजूने काढा.”

“तिनं बोलल्याबिगर नाय,” काळुराम म्हणाला.

खाडीत भरती चढत होती. मी कडेला सरले आणि वळून बाबांकडे तोंड केलं.

“जा, बाबा,” मी म्हणाले. “जा.”