आतून लावलेले दार

मित्रांनो, मी एक जुनी गोगलगाय आहे. किती जुनी, ते विचारू नका. आमच्यात कोणी वय मोजत नाही. कोणते उन्हाळे निभावले तेवढे लक्षात ठेवतात. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात पुंजारामचे घर आहे. त्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले एक मोसंबीचे झाड आहे. माझा मुक्काम तिथेच असतो.

तुम्ही माणसे 'गोगलगाय न् पोटात पाय' असे म्हणता आणि वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला ते लावता. मला या म्हणीचा फार राग येतो. पाय पोटात नसते तर मी चालले कशाने असते? पण जाऊ द्या. गोगलगायीचे रागावणेही हळूहळूच असते.

याच झाडाच्या बुडाशी ओल्या मातीत मी अंड्यातून बाहेर आले. तेव्हा माझा शंख कांद्याच्या पापुद्र्यासारखा होता. चुनखडीची माती खाऊन खाऊन मी तो जाड केला. पुंजारामची बायको भागूबाई झाडाजवळ मेथीचा वाफा करी आणि आम्हाला ती मेथी फार आवडे. त्यामुळे आमचे तिच्याशी कधी जमले नाही. मीठ म्हणजे आमचा काळ, आणि भागूबाईच्या मुठीत मीठ असे. तिच्या पैंजणांचा आवाज आला की मी पानाखाली अंग चोरून बसे.

उन्हाळ्याची आमची तयारी मात्र तुम्ही कधी नीट पाहिली नसेल. पाऊस सरला की आम्ही जमीन सोडतो. जमीन तव्यासारखी तापते. वर खोडावर निदान वारा असतो. म्हणून चढायचे, सावलीचा बेचका गाठायचा, आणि तोंड खोडाला लावून शंखात आत आत शिरायचे. मग आपल्याच चिकट लाळेचा एक पडदा दारावर ओढायचा. तो वाळून कागदासारखा कडक होतो. ऊन फार झाले की आणखी आत सरकायचे आणि दुसरा पडदा ओढायचा. मधल्या रिकाम्या जागेत हवा राहते, ती उष्णता अडवते. काळीज अगदी मंद चालते. खाणे नाही, पिणे नाही. अंगातली ओल जपायची, एवढे एकच काम. प्रत्येक पडद्याला त्यातली थोडी ओल खर्च होते, म्हणून उगाच दार उघडणे आम्हाला परवडत नाही.

एका पावसाळ्याच्या शेवटी मी अशीच दार लावून झोपले. पुढचे साल बहात्तरचे होते. त्या साली नक्षत्रे कोरडी गेली. उठायची वेळ आली आणि गेली, तरी ओल लागेना. मी झोपूनच राहिले. पुंजारामची विहीर आटली, मळ्यातली मोसंबीची बाग एकेक झाड करून वाळली. शेवटी त्याने आपल्या हातांनी बागेवर कुऱ्हाड चालवली आणि तो सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला जाऊ लागला. उरले ते हे न्हाणीजवळचे एकच झाड. याचे कलम भागूबाईने स्वतः लावले होते. भांडी विसळलेले पाणी ती याच्या बुडाशी ओती.

दिवाळीनंतर झाडांच्या खोडांना चुना लावायची या भागात रीत आहे. वाळवी लागत नाही, ऊन बाधत नाही. बाग गेली तरी पुंजारामचा हात रीत विसरला नव्हता. त्याने या एका झाडाला चुना लावायला घेतला. बेचक्यापर्यंत आला आणि न बघताच माझ्या पाठीवरून कुंचला फिरवून गेला. मी खोडाला चिकटलेली, वरून चुना वाळलेला. झाडाची एक गाठ होऊन बसले. तेव्हा मला वाटले, आता संपले. पण पुढच्या उन्हात त्याच पांढऱ्या चुन्याने मला वाचवले. पांढऱ्यावर ऊन फार टिकत नाही, हे तुम्हीही धोतर-टोपी घालून अनुभवताच.

शिमगा झाला आणि झाडाची पाने पिवळी पडून सगळी झडली. पुंजाराम एका संध्याकाळी भागूबाईला म्हणाला, "मेलेल्याला पानी पाजू नको. आपल्याला प्यायला नाय."

तिने पाणी ओतणे बंद केले. वैशाखात त्याने शफीला बोलावले. शफी लाकूडतोड्या होता. गावोगावची वाळलेली झाडे तोडून शहरातल्या भट्ट्यांना घालायचा. तो बैलगाडी घेऊन आला. आम्हाला कान नाहीत म्हणतात, पण भिंतीला असतात तसे खोडालाही असतात. त्या दिवशीचे बोलणे मला खोडातून कळले.

"एवढं एक राहू द्या," भागूबाई म्हणाली.

"काय करतीस ठिवून?" पुंजाराम म्हणाला. "रोज मेलेलं झाड बघून मला घास उतरत नाय. घे शफी, उरकून टाक."

कुऱ्हाड घालण्याआधी शफी खोडावरून हात फिरवत असे. घराजवळच्या झाडात कपड्यांच्या दोरीचे खिळे असतात आणि खिळ्याने कुऱ्हाडीची धार जाते. त्याचा तळवा माझ्यावर येऊन थांबला.

"खिळा हाय इथं," तो म्हणाला, आणि त्याने कमरेचा चाकू काढून मला खरवडले. चुन्याची खपली निघाली, तिच्याबरोबर सालीचा तुकडा निघाला, आणि मी त्याच्या हातात पडले. माझा बाहेरचा पडदा तडकला. मित्रांनो, माझे काळीज थांबायचेच बाकी होते.

"खिळा नाय, शंख हाय. रिकामा असंल," असे म्हणत त्याने नख माझ्या दाराला लावले. आतला पडदा फुटला असता तर नवा करायला माझ्यात ओल उरली नव्हती. पण त्याचे नख तिथेच थांबले. त्याने मला उन्हासमोर धरले आणि तो हसला.

"भाभी, हे बघा. याचं दार आतून लावलंय. आतून कडी असली म्हंजी घरात कुनीतरी हाय."

भागूबाई पुढे आली. मला मिठाची आठवण झाली. पण तिने माझ्याकडे बघितलेच नाही. तिचे डोळे खोडावर खिळले होते. जिथून साल निघाली होती, तिथे खोड हिरवेगार आणि ओले होते. तिने बोट लावून पाहिले आणि ते बोट पुंजारामसमोर धरले.

"दर साली बहारासाठी तुम्ही बागेचं पानी तोडता," ती म्हणाली. "पानं झडली की म्हनता, ताणावर हाय, निजलंय. औंदा देवानं ताण दिला तर मेलं म्हनता व्हय?"

पुंजारामने त्या ओल्या जागेवर स्वतःचे बोट टेकवून पाहिले. जन्मभर मोसंबीला ताण देणारा माणूस, आणि स्वतःच्या दाराशी ताण ओळखू शकला नाही. मग त्याने मोठा श्वास सोडला. तो श्वास गरम होता, पण मला तो फार बरा वाटला.

"लई शहानी झालीस," तो म्हणाला. "शफी, चहा घेऊन जा. गाडी रिकामीच जाईल तुझी."

"जाऊ दे रिकामी," शफी म्हणाला. "जित्या झाडावर हात टाकनं नक्को आपल्याला."

भागूबाईने शफीच्या हातातून मला घेतले. जिने आजवर माझ्यावर मीठच फेकले, तिने मला उचलून सावलीच्या बेचक्यात ठेवले आणि मी घसरू नये म्हणून मागे चिंधीची गुंडाळी लावली. त्या दिवसापासून भांडी विसळलेले पाणी पुन्हा झाडाच्या बुडाशी पडू लागले. मी आतला पडदा सांभाळत निवांत झोपले. इतकी निवांत मी कधी झोपले नव्हते.

पुढे पाऊस कसा आला ते मला विचारू नका. मी झोपेत होते. शिंगे बाहेर काढली तेव्हा समोर कोवळी पालवी होती, आणि खरे सांगते, मी ती खाल्ली नाही. निदान पहिल्या दिवशी नाही.

आता मी थकले आहे. भागूबाईचा मेथीचा वाफा पुन्हा हिरवा आहे आणि तिच्या मुठीत मीठही पुन्हा आले आहे. पण झाडावर चढणारीला ती हात लावत नाही. मित्रांनो, तुमच्या कुंपणावर, भिंतीवर एखादा गप्प शंख चिकटलेला दिसला तर त्याला काडीने टोकरू नका. आधी उन्हासमोर धरून बघा. दार आतून लावलेले असेल, तर हळूच परत ठेवून द्या.