घटीचे तीन किलो

मिलचं फाटक उघडायला अजून अर्धा तास होता. जागेश्वरनं चपला काढल्या, शर्ट खुंटीला अडकवला, पॅन्टच्या खिशातली किल्ली आणि तंबाखूची डबी पोत्यांच्या थप्पीवर ठेवली आणि तो धानाच्या काट्यावर जाऊन उभा राहिला.

"हालू नोका ना भाऊ," इश्वर म्हणाला. "आकडा बसू द्या."

इश्वर मिलवरचा हमाल. रोज सकाळी हा कार्यक्रम त्याच्याच साक्षीनं व्हायचा. काट्यावरचे लाल आकडे दोनदा मागंपुढं झाले आणि थांबले. चौऱ्याहत्तर किलो आठशे ग्रॅम.

"भाऊ!" इश्वर ओरडलाच. "पंच्याहत्तरच्या खाली आले ना तुमी! डॉक्टरनं हेच म्हनलं होतं ना? मंग आता उद्याच जा नागपूरले."

जागेश्वरनं खाली उतरून चपला घातल्या. आकड्याकडं त्यानं पुन्हा एकदा पाहिलं, पण तोवर तिथं शून्य आलं होतं.

"बहात्तर," तो म्हणाला.

"का बहात्तर?"

"बहात्तर झाल्यावर जाईन. तीन किलो घट धरली आहे. आन् घरी बोलू नोको कोनाले."

इश्वर तोंड वासून पाहत राहिला. पण घट म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं तो तेच करत आला होता.

जागेश्वर आसगावजवळच्या एका राईस मिलवर मापारी होता. शेतकऱ्यांचं धान यायचं, चाळीस किलोचा कट्टा काट्यावर चढायचा, बारदान्याचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, सहाशे ग्रॅम धरून चाळीस सहाशेचा आकडा आला की माप भरलं. पण जागेश्वरच्या काट्यावर माप तिथं भरत नसे. आकडा बसला की इश्वर त्याच शेतकऱ्याच्या ढिगातून डबाभर धान वर ओतायचा, मगच जागेश्वर "उतरव" म्हणायचा. धान पडून वाळतं, वाळलं की घटतं, म्हणून ही घट आधीच धरायची. शेतकरी कुरकुरत. श्यामराव नावाचा एक म्हातारा तर दरवर्षी भांडायचा. "भरलं ना भाऊ! आकडा तुह्याच काट्यानं सांगतला. मंग अजून कायले टाकतं?" जागेश्वरचं उत्तर ठरलेलं असे, "वापस आलं तर कोन पाहीन, काकाजी?"

हे 'वापस' त्याच्या जिवाला लागलं होतं, त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी त्यानं अगदी काटेकोर मोजून तांदळाचा एक ट्रक पाठवला होता. ट्रक वाटेत बिघडला, दोन दिवस उन्हात उभा राहिला, आणि सरकारी गोदामावर प्रत्येक पोतं पाव-अर्धा किलो कमी भरलं. अख्खा ट्रक वापस आला. मालकानं दहा माणसांसमोर विचारलं, "जागेश्वर, तुले मोजता येते का नाही येत?" त्या दिवसानंतर जागेश्वरनं आयुष्यात कुठलीच गोष्ट नेमकी भरली नाही. बसच्या वेळेआधी अर्धा तास जायचं, लग्नात पन्नास माणसांना साठांचं जेवण सांगायचं. माणूस तसा भला होता, पण घट धरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे.

आणि आता प्रश्न रीताचा होता.

रीता त्याची एकुलती एक. तेविसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा आई तिला बसनं भंडाऱ्याला डायलिसिसला न्यायची. किडनी कोण देणार, हा प्रश्न घरात पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. आईचा, म्हणजे दुर्गाबाईचा, रक्तगट जुळला नाही, बापाचा जुळला. जागेश्वर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात शर्टाच्या बाह्या वर करूनच गेला, जणू त्याच दिवशी काढून घेणार होते. तिथं त्याला काट्यावर उभं केलं. एक्क्याण्णव किलो. साखरही काठावर.

"इतक्या वजनात तुमची किडनी घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "तुम्हालाच धोका आहे. पंच्याहत्तरपर्यंत आणा. आलं की लगेच या, आपण तपासण्या सुरू करू."

माल वापस येऊ नये म्हणून आयुष्यभर घट धरणारा जागेश्वर त्या दिवशी स्वतः वापस आला. बसमध्ये खिडकीशी बसून तो आपल्या पोटाकडं पाहत होता. या पोटाची त्याला एवढी शरम कधीच वाटली नव्हती.

त्यानं भात सोडला. भंडाऱ्याच्या माणसानं भात सोडणं म्हणजे काय, ते भंडाऱ्याच्याच माणसाला विचारावं. दिवसभर धानाच्या धुळीत बसायचं, शेजारी गरम तांदूळ मशीनमधून पडत असायचा, त्याचा वास नाकात जायचा, आणि हा डब्यातून ज्वारीची एक भाकर आणि पाल्याची भाजी काढायचा. पहाटे तलावाच्या पाळीवरून चार फेऱ्या मारायचा. गावातले लोक सुरुवातीला हसले. "काय गा जागेश्वर, हिरो बनतं का?" मग त्यांना कारण कळलं आणि पाळीवरून जाता-येता लोक त्याला वाट देऊ लागले. पाच महिन्यांत सोळा किलो उतरले. जुन्या पॅन्टला दुर्गाबाईनं दोनदा टीप मारली.

पंच्याहत्तर हा डॉक्टरांचा आकडा होता. बहात्तर त्यानं स्वतः ठरवला. पाळीवर चालता चालता, कुणाला न विचारता. दवाखान्याचा काटा जास्त दाखवील, अंगावर कपडे असतील, प्रवासात पाणी प्यायलं जाईल, तपासण्या होईस्तोवर वजन पुन्हा चढेल. एकदा वापस आलेला माल पुन्हा गेला की त्याच्याकडं संशयानंच पाहतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोरीचा जीव ज्याच्यावर आहे ते माप काठोकाठ कसं भरायचं? सगळं किती बरोबर वाटलं होतं त्याला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रीता ओट्यावर बसली होती. शेजारी तिचा छोटा पेला. दिवसाचं सगळं पाणी तिला मोजून मिळायचं, आणि एवढ्याशा पेल्यातलं पाणी ती चिमणीसारखं पुरवून प्यायची. भंडाऱ्याला मशीनवर घेण्याआधी तिचं वजन करत, उतरल्यावर पुन्हा करत. एक्केचाळीस किलो, हे तिचं ठरलेलं माप. जास्त भरलं तर ते पाणी.

"बाबा, आपलं दोघाईचं कसं उलटं आहे पाहा," ती म्हणाली. "तुमाले कमी करा लागते, आन् मले वाढू देत नाही. किती झालं आज?"

जागेश्वर पायऱ्यांवर टेकला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं आधी चपला झटकल्या.

"सत्त्याहत्तर."

"मंग दोनच किलो राहिले! चाला ना बाबा, इचारून तर पाहू. दोन किलोसाठी का ते नाही म्हनतीन?"

"एकदा वापस आलो ना, बेटा. अजून वापस यायचं का?"

रीतानं पेला उचलून ओठ ओले केले आणि तो परत खाली ठेवला. "मी थकून राहिली बाबा," ती म्हणाली. "तुमाले घाई नाही करत. सांगून ठेवते फक्त."

आतून दुर्गाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "तिची पायाची सूज पाहिली का आज? लवकर करा जी काय ते."

"करून राहिलो ना," जागेश्वर म्हणाला. तो खरंच करत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एका भाकरीची अर्धी केली.

पण शेवटचे तीन किलो हटेनात. दिवाळी झाली. धानाचा हंगाम लागला, फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली. दिवसभर उभं राहून जागेश्वरला भोवळ यायची, तरी काटा चौऱ्याहत्तरवरच. महिन्याभरानं कसाबसा त्र्याहत्तर आला. इश्वर रोज सकाळी आकडा वाचायचा आणि रोज तोच वाद घालायचा.

"भाऊ, माही शपथ आहे, जा आता. पोरगी आहे ते. धानाचा कट्टा नाही."

"म्हनूनच तर," जागेश्वर म्हणायचा. "धानाले घट धरतो, पोरीले नाही धरू का?"

इश्वर पोती उचलणारा माणूस, बोलण्यात कमीच पडायचा. एकदा मात्र त्यानं हिय्या केला आणि दुर्गाबाईला सांगायला तो घरापर्यंत गेला. दाराशी रीतानं त्याला हसून "या काका" म्हटलं, चहा करायला उठली, आणि त्याचा धीर सुटला. चहा पिऊन तो परतला. ते त्याला पुढं जन्मभर टोचत राहिलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रीताला थंडी वाजून ताप भरला. डायलिसिससाठी मानेत बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात शिरले होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यानं फोनवरच थेट नागपूरला न्यायला सांगितलं. गाडीत बसण्याआधी जागेश्वर, काय वाटलं त्याला कोण जाणे, मिलवर धावत गेला आणि काट्यावर उभा राहिला. बहात्तर चारशे. झालंच म्हणायचं. त्याच्या मनात चक्क आनंद आला, आणि पुढं त्या आनंदाची आठवण आली की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

नागपूरला रीताला काचेपलीकडच्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. तेच डॉक्टर. जागेश्वर लगबगीनं पुढं झाला.

"साहेब, बहात्तर चारशे झालं. पाहा ना मोजून. आज घ्या पायजे तर."

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. ढगळ शर्ट, गळ्याची हाडं वर आलेली. त्यांना ओळख पटायला वेळ लागला.

"मी पंच्याहत्तर सांगितलं होतं ना तुम्हाला? पंच्याहत्तर कधी झालं?"

दुर्गाबाई शेजारीच उभी होती.

"दिवाळीच्या आधी," जागेश्वर म्हणाला.

"मग आला का नाहीत?"

"घट धरली होती, साहेब."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तपासण्या, मंजुरी, सगळं मिळून दोन-अडीच महिने लागतात," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवाळीच्या आधी आला असतात तर एव्हाना..." आता रीताच्या रक्तात विष पसरलंय, किडनीचा विषय राहिलेला नाही, एवढं सांगून ते आत गेले.

दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत किती महिने होतात, हे दुर्गाबाईला बोटांवर मोजावं लागलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. रीता त्याच दिवशी दुपारी गेली. शवासोबत दिलेल्या कागदावर तिचं वजन लिहिलं होतं, अडतीस. जागेश्वरनं तो आकडा वाचला आणि तिथंच जमिनीवर बसून तो मोठ्यानं रडला. जाणारे-येणारे लोक त्याला वळसा घालून जात राहिले.

तेरवी होईपर्यंत दुर्गाबाई नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. भांडली असती, छाती बडवली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. चौदाव्या दिवशी पाहुणे गेले, घर रिकामं झालं. दुपारी तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. ताटात गरम भाताचा ढीग, त्यावर वरण. आठ महिन्यांनी त्याच्या ताटात भात आला होता.

"खा," ती म्हणाली. "आता कोनासाठी कमी करता?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. जागेश्वरनं घास कालवला आणि तोंडात घातला. दुर्गाबाई समोर बसून राहिली आणि तो जेवून होईपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मिलवर गेला. फाटक उघडल्यावर पहिलाच ट्रॅक्टर श्यामरावचा होता. म्हाताऱ्यानं त्याला पाहून डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग तो काट्याशी येऊन उभा राहिला.

इश्वरनं पहिला कट्टा चढवला. कमी होता, ओंजळीनं थोडं धान घातलं. लाल आकडे मागंपुढं झाले आणि बसले. चाळीस सहाशे.

इश्वर सवयीनं ढिगाकडं वळला आणि डबा भरून घेऊन आला. श्यामराव मात्र आज गप्प उभा होता. या वर्षी भांडायचं नाही, असं तो घरून ठरवून आला होता.

"राहू दे," जागेश्वर म्हणाला. "उतरव."

इश्वर डबा हातात धरून उभाच राहिला. "भाऊ, घट..."

"भरलं ना ते," जागेश्वर म्हणाला. "भरलं म्हनजे भरलं. जाऊ दे त्याले."

त्यानं वहीत कट्टा लिहिला आणि काटा रिकामा व्हायची वाट पाहत उभा राहिला.