बुधवारची दाढ

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, कारण पीएचडी करणाऱ्यांत सगळ्यांत जुनी तीच. तिच्या मागून आलेले प्रबंध देऊन निघून गेले, आणि ही अजून उंदरांच्या मूत्रपिंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होती. पुढे काय, असं आईने फोनवर विचारलं की ताई म्हणायची, "बघू." हल्ली आई प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकायची.

तिच्या सरांना मात्र हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांच्या लेखी माणूस पीएचडी करतो, प्राध्यापक होतो आणि निवृत्त होतो. जो विद्यार्थी प्राध्यापक झाला नाही, त्याचा विषय ते "गेला बिचारा" म्हणून संपवत. नवख्याला वाटे, माणूस वारला. तो बिचारा कुठल्याशा औषध कंपनीत मजेत असे.

त्यामुळे पीएचडीनंतर कोणकोणती कामं करता येतात हे सांगणारा वर्ग दर बुधवारी सुरू झाला, तेव्हा ताईने गुपचूप नाव दिलं. निघताना सरांनी सहज विचारलं, कुठे चाललीस? तिच्या तोंडून निघून गेलं, "दाताच्या डॉक्टरकडे."

थाप एका बुधवारपुरती ठीक होती. पण वर्ग संपेना, तशी दाढ आधी किडली, मग भरली, मग शेजारची ठणकू लागली. धाकट्या विद्यार्थिनी तिच्यासाठी चहात बुडवायला मऊ बिस्किटं आणू लागल्या. सरांना माणसांपेक्षा पेशी जास्त कळत, पण ते जीव लावणारे होते. हा डॉक्टर तुला लुटतोय, असं म्हणत एका सकाळी त्यांनी तिला गाडीत घातलं आणि थेट आपल्या वहिनीच्या दवाखान्यात नेलं. वहिनी दातांच्या डॉक्टर होत्या.

सर बाहेर मासिक चाळत बसले. आत वहिनींनी दिवा जवळ ओढला, एकेक दात ठोकून पाहिला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दात ठणठणीत आहेत. दर बुधवारी जातेस कुठे?"

तोंडात आरसा असल्यामुळे ताईला खोटं बोलायची सोयच नव्हती. आरसा निघाल्यावर तिने सगळं सांगितलं. औषध बाजारात आल्यावर त्याच्यावर नजर ठेवणारे लोक असतात, लोकांच्या तक्रारी वाचून कुठला त्रास औषधाचा आणि कुठला योगायोगाचा हे ते शोधतात, असं वर्गात कळलं त्या दिवशी ती घड्याळाकडे बघायची विसरली होती.

"मी भाऊजींशी खोटं बोलणार नाही आणि चहाडीही करणार नाही," वहिनी म्हणाल्या. "तूच सांग. आलीच आहेस तर दात साफ करून घे."

परतीच्या वाटेवर तिने एका दमात सांगून टाकलं. सिग्नल हिरवा झाला तरी सर हलले नाहीत. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कल्ला केला, तेव्हा कुठे गाडी निघाली.

"मी इतका भीतिदायक आहे का गं?"

"नाही सर. पण तुम्ही मलाही 'गेली बिचारी' म्हणाल असं वाटलं."

सरांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी ते तिला मदत करायला बसले, तर फोनमध्ये ओळखीचे निघाले ते सगळे प्राध्यापक, आणि एक नळ दुरुस्त करणारा. शेवटी घसा खाकरून त्यांनी औषध कंपनीतल्या एका जुन्या विद्यार्थ्याला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, फोन लावला. ताईचं काम दोन वाक्यांत झालं, पण दोघांच्या गप्पा आणि हसणं दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. मग सरांनी ताईची सरावाची मुलाखतही घेतली, पण प्रश्न सगळे मूत्रपिंडावरचेच. पहिल्या कंपनीने तिला नाकारलं. सर तिच्याहून जास्त चिडले आणि दिवसभर पेशींवरही ओरडले. दुसऱ्या कंपनीने घेतलं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आई आली होती. ताई नेमकं काय करणार हे सरांनी तिला फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. आईने आदराने मान डोलावली आणि सर गेल्यावर लेकीला म्हणाली, "छान बोलतात. आता तू सांग."

"लोक काय काय दुखतंय ते सांगणार. त्यातलं खरं कशामुळे दुखतंय ते मी शोधणार."

आई लेकीच्या कपाळावर आलेले केस मागे सारून म्हणाली, "नीट ऐकून घेत जा हो सगळ्यांचं."