हसायचं वाक्य नव्हतं ते

सव्वीस वर्षं मी टीव्हीसाठी विनोद लिहिले. सासू, शेजारी, घटस्फोट, बायपास, काही सोडलं नाही. आमची मालिका त्या वर्षी बंद होणार होती आणि माझ्या वयाच्या बाईला बरबँकच्या टीव्ही स्टुडिओंमध्ये पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं. म्हणून मी ब्रेटकडे, आमच्या मुख्य लेखकाकडे, हट्ट धरला: एका भागाचा शेवट मला गंभीर हवा. एकच मिनिट.

"घे बाई," तो म्हणाला. "पण रडवून चॅनेल बदलायला लावू नकोस."

प्रसंग माझ्या घरचा होता. ग्लेनडेलला आईकडे गेले होते, तिच्यासाठी गाता, आमचा आर्मेनियन गोड पाव, घेऊन. तिनं दार उघडलं, परक्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली, कॉफी केली आणि म्हणाली, "आईला सांगून आलीस ना, पोरी? वाट बघत असेल ती." मी कॉफी तशीच ठेवून उठले. गाडीत जाऊन रडले. मालिकेतल्या आजीच्या तोंडी मी तेच वाक्य घातलं. मुलगी फक्त "हो, सांगून आलेय" म्हणते आणि तिच्याशेजारी बसते. मला जे जमलं नाही ते तिला जमतं, एवढंच.

बुधवारी तालीम असते. चॅनेलची माणसं पुढं खुर्च्यांवर बसतात, आम्ही लेखक मागं उभे. ती ज्या वाक्याला हसत नाहीत ते वाक्य संध्याकाळपर्यंत मेलेलं असतं. म्हणून आम्ही एकमेकांच्या वाक्यांना गडगडाटी हसतो. त्यात लबाडी आहे, पण त्याच लबाडीवर आमची पोटं भरली.

डेझमंड माझा सगळ्यात जुना मित्र. तो आठवडाभर पुढच्या भागात बुडालेला, त्यामुळे माझा शेवट त्यानं वाचलेलाच नव्हता. आजी म्हणाली, "वाट बघत असेल ती," आणि वाक्य माझं आहे हे ओळखून हा भला माणूस पोट धरून हसला. तो हसला म्हणून बाकीचे लेखक हसले. मग चॅनेलची बाई हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"सोनं आहे हे!" ती म्हणाली. "असे आणखी तीन हवेत."

मी ब्रेटला बाजूला घेतलं. "ते हसायचं वाक्य नव्हतं."

"आता आहे," तो म्हणाला.

डेझमंडला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "अगं नारिने, मला वाटलं तू अडचणीत आहेस. मी तुला वाचवत होतो."

त्याच्यावर काय रागावणार? मीही त्याला असंच कितीदा वाचवलं होतं. मी खाली बसले आणि तीन विनोद लिहिले. आजी तेच पोस्टमनला विचारते, पाद्रीबाबांना विचारते आणि शेवटी कुत्र्याला विचारते. कुत्र्याचा सगळ्यात चांगला जमला. तो जमला याचीच मला किळस आली. मुलीच्या उत्तराला जागा उरली नाही. तिचं वाक्य मीच खोडलं.

तो भाग लागला तेव्हा मी आईकडे होते. आम्ही सोफ्यावर बसून पाहिला. पोस्टमनला ती हसली, पाद्रीबाबांना हसली, आणि कुत्र्याला तर खोकला येईपर्यंत हसली. तिला इतकं खूश मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"कोण लिहितं गं हे?"

"मी."

"हो का? हुशार आहेस की!" तिनं माझा गुडघा थोपटला. मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दिवे लागले होते. तिचा चेहरा काळजीचा झाला.

"आईला सांगून आलीस ना, पोरी? वाट बघत असेल ती."

टीव्हीतले प्रेक्षक अजून कुत्र्यालाच हसत होते.

"हो," मी म्हटलं. "सांगून आलेय."

त्या हसण्यात तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.