मी, तेलाचा कॅन, आणि लाजरे जावईबापू

मी एक रिकामा कॅन. थांबा, लगेच नाक मुरडू नका. माझ्यात तेल होतं तेव्हा मलाही मान होता, लोक मला दोन्ही हातांनी उचलायचे. तेल संपलं आणि मी पायाने सरकवायची वस्तू झालो. गरज सरो, वैद्य मरो.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात गेलं, आत हवा फुंकली आणि मी बाहेर पडलो. मला हजारभर जुळी भावंडं, सगळी एका तोंडावळ्याची. त्यांतला मी ट्रकमधून आलो तो थेट समुद्रकाठच्या एका टपरीवर. तिथली मालकीणबाई चहा करायची आणि मासे तळायची. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. थोड्याच दिवसांत तिने मला पार कोरडा केला, साबणाने घासला आणि माझ्यात भांडी धुण्याचं पाणी भरायला लागली. अधूनमधून गिऱ्हाइकांची पोरं माझा ढोल करायची. मी कुरकुरायचो, पण ऐकतो कोण?

टपरीसमोर दोन्ही बाजूंना लाटा फुटायच्या, फेस उडायचा, आणि मधल्या पट्ट्यात पाणी कसं अगदी गप्प. नवखी माणसं नेमकी तिथेच उतरायला बघायची. मालकीणबाई चुलीपासूनच ओरडायची, बाबांनो, उथळ पाण्याला खळखळाट फार. जिथे लाट फुटत नाही तिथे खोल असतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत पळतं आणि माणसालाही सोबत नेतं. पोहायचंय तर पलीकडे झेंड्यांच्या मध्ये जा, जीवरक्षक तिथे बसतो. हे सगळं तिला त्या जीवरक्षकानेच चहा पिता पिता शिकवलं होतं.

एकदा तिची लेक आणि नवे जावई आले. जावयांचं चष्म्याचं दुकान. माणूस गुणी, पण इतका लाजरा की दुसरा कप चहा मागायलाही संकोच. मायलेकी आत कांदे चिरत गप्पांत रंगल्या. जावईबापूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जरा पाण्यात जाऊन येतो म्हणाले, तेही एवढं हळू की फक्त मला ऐकू आलं. आणि उतरले कुठे, तर त्या गप्प पाण्यात. जगाचे डोळे तपासणारा माणूस हा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय?

मायलेकी बाहेर आल्या तेव्हा जावई बरेच आत गेले होते. किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होते आणि होते तिथेच होते. पोहणारे तसे पट्टीचे, पण पाणी वरचढ. लेकीने ओरडून विचारलं, ठीक आहात ना? तर त्यांनी मान डोलावली. अहो, बुडायला आलेला माणूस, आणि सासूसमोर 'छान चाललंय' म्हणून मान डोलावतो.

पण बायकोच ती, तिने ओळखलं. ती पाण्याकडे धावली. मालकीणबाईने तिचा दंड धरला.

"एक जण आत आहे. तू नाही जायचं."

लेक रडत होती, हात सोडवू बघत होती. आईने पकड सोडली नाही. एका गिऱ्हाइकाला तिने जीवरक्षकाकडे पिटाळलं, टेबलावरचं लाल कापड ओढून लेकीच्या हातात दिलं, आणि मग तिची नजर माझ्यावर पडली.

खरं सांगतो, मी घाबरलो. मला पोहता येत नाही. तिने माझ्यातलं पाणी ओतलं, दातओठ खाऊन झाकण आवळलं आणि मला त्या गप्प पाण्यात भिरकावलं. मला काहीच करावं लागलं नाही. ज्या ओढीने जावयांना नेलं होतं तिनेच मला त्यांच्यापाशी पोचवलं. त्यांनी मला मिठी मारली. आजवर मला कुणी मिठी मारली नव्हती. त्यांचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं आणि मला फार वाईट वाटत होतं.

जरा दम खाऊन ते पुन्हा किनाऱ्याकडेच पाय मारायला लागले. तेवढ्यात मालकीणबाईचा आवाज आला.

"अरे बाळा, पाण्याशी भांडू नकोस. हात वर कर, हात!"

'जावईबापू', 'अहो', 'तुम्ही', तिच्या तोंडचं हे सगळं वाहून गेलं होतं. आणि त्या लाजऱ्या माणसाने एका हाताने मला धरून दुसरा हात उंच केला. सगळ्या किनाऱ्यासमोर.

पाण्याने आम्हाला आणखी थोडं आत नेलं आणि ओढ ढिली पडली. ती माणसाला खाली खेचत नाही, लांब नेते. बुडवतो तो थकवा. चष्म्याशिवाय जावयांना किनारा धूसर होता, पण लाल कापड दिसत होतं. लेक ते फडकवत, दिशा दाखवत वाळूवरून आडवी धावत होती. मग तेही किनाऱ्याला समांतर, आडवे पाय मारत निघाले. फेसाळ लाटांपाशी पोचलो तोवर जीवरक्षक आपली फळी घेऊन आला, आणि त्याच्यासोबत लाटांनीच आम्हाला ढकलत वाळूवर आणून टाकलं.

लेकीने नवऱ्याला आधी त्या लाल कापडाने झोडपलं, मग त्यातच गुंडाळून मनसोक्त रडली. जावई खाली मान घालून म्हणाले, सासुरवाडीला येऊन मदतीसाठी ओरडायचं म्हणजे लाज वाटली. मालकीणबाई त्यांचं डोकं पुसत म्हणाली, "लाज गेली तर परत येते रे. तू कुठून आला असतास?"

हल्ली मी टपरीबाहेरच्या खांबावर लटकतो. जावयांनी मला केशरी रंग दिलाय, लांब दोरी बांधलीय. माझ्यात आता कुणी काही भरत नाही आणि माझी तक्रारही नाही. कुणी पाण्यात अडकलेलं दिसलं तर स्वतः उडी घेऊ नका, जीवरक्षकाला हाक मारा आणि मला फेका. आणि तुम्हीच अडकलात तर तरंगत राहा, हात वर करा, दम सावरून आडवे निघा. चारचौघांत लाज वाटेल, वाटू द्या. लोक हसतील. तुम्हीही हसा, पण त्यासाठी आधी बाहेर तर या.