लेबलावरचं अक्षर

बफर म्हणजे हट्टी द्रावण. थोडं आम्ल पडलं काय, थोडं अल्कली पडलं काय, ते आपला पीएच सोडत नाही. आमच्या प्रयोगशाळेत ते मी करायची, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. त्या खोलीचा ओलसर, आंबूस वास अजूनही मधूनच नाकात येतो.

नवरा आणि लहानगी लेक दुसऱ्या गावी, सासूबाईंकडे. मी बदलीचा अर्ज केला होता. त्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, म्हणजे आमच्या सरांची, सही हवी होती.

"तुझ्यासारखं बफर करणारं कुणी तयार कर," सर म्हणायचे, "मग खुशाल जा. मी काय तुला बांधून ठेवलंय?"

हाताखाली एक धांदरट मुलगी मिळाली. तिला सगळे घाईबाई म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने क्षार टाकले आणि फ्लास्क रेघेपर्यंत पाण्याने भरून टाकला.

"अगं, आता आम्ल कुठे घालशील? माझ्या डोक्यावर?"

"थोडं ओतून देते ना, ताई."

"म्हणजे क्षारही गेले! पाणी आधी कमी घ्यायचं. थेंबाथेंबाने मीटरचा काटा सातवर आणायचा. रेघ सगळ्यात शेवटी."

शिकली हळूहळू. पुढे तिच्या आणि माझ्या बफरात फरक उरला नाही. पण तिची बाटली दिसली की सरांचं नाक मुरडलेलंच. "हिला तुझ्या हाताची सर नाही."

ते गेल्यावर घाईबाई पुटपुटली, "एक सर आहेत तेवढे पुरे."

त्या आठवड्यात घरी फोन केला, तर लेक बोलायला येईना. सासूबाई म्हणाल्या, "काकूच्या मांडीवर बसलीय. हल्ली तिलाच आई म्हणते. मनाला लावून घेऊ नकोस."

लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घाईबाईच्या बाटलीवर मी लेबल लिहिलं, माझ्या बाटलीवर तिने. सरांनी माझं अक्षर असलेली बाटली तपासली. "याला म्हणतात बफर!" दुसरी तपासली. "बघ, काटा कसा थरथरतोय."

"सर, थरथरतोय ते माझं. पहिलं हिचं," मी म्हटलं आणि अर्ज पुढे केला.

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे हिचा हात तयार झाला तर! छान. उद्यापासून बफर हिच्याकडे." टोपण परत बसलं. "तू लेबलं लिहीत जा. वरचे लोक तुझं अक्षर बघूनच बाटली उघडतात."

सर गेले. घाईबाईने स्टूल ओढलं, एक कोरं लेबल घेतलं आणि माझं बघून 'बफर' लिहायला लागली. 'फ' काही जमेना.

"घाई करू नकोस," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मनात उलटं होतं: कर बाई, घाई कर.