आखणीचा हात

रंभाला दुपारच्या आत आमच्या पेणच्या दवाखान्यातून पनवेलला न्यायचं ठरलं होतं. पोटात सारख्या कळा, शौचाला होत नाही, रक्त कमी. आतडं कुठेतरी अडकलं असणार असं धरून तिथल्या सर्जननी ऑपरेशनची तयारी ठेवली होती. एक्स-रेत आणि सोनोग्राफीत मात्र धड काही दिसत नव्हतं. पोट उघडल्यावर कळेल, एवढंच उत्तर होतं.

"अनिता सिस्टर," साईराज डॉक्टर म्हणाले, "गाडी येईपर्यंत तुम्ही पुन्हा एकदा तिच्यापाशी बसा. माझं मन घेत नाही. हिस्टरीत काहीतरी राहिलंय."

मी रोह्याहून सकाळच्या गाडीनं पेणला येते. पूजा, पोथीचा अध्याय आटोपूनच घर सोडते, आणि पेशंटच्या खाटेपाशी स्टूल ओढताना मनात देवाचं नाव घेते. त्यानं रोग कळतो असं नाही. माझा आवाज मात्र खाली येतो, आणि घाई निघून जाते.

रंभाच्या उशाशी तिची सासू धोंडुबाई बसली होती. मी प्रश्न रंभाला विचारायचा आणि उत्तर धोंडुबाईनं द्यायचं, असं चाललं होतं.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"नाय."

"वैदूचं, झाडपाल्याचं काही?"

"नाय गो बाय. किती वेला इचारनार?"

"तंबाखू, मिशरी?"

"आमचा गनपतीचा कारखाना हाय. देवाच्या कामाला बसनारी बाय मिशरी लावंल काय?"

"आणि तुमच्या कमरेची ती डबी?"

"माजा येगला. मी आता म्हातारी झाली."

रंभाच्या ओठांवर जरासं हसू आलं आणि कळेसरशी पुसलं गेलं. मी म्हटलं, "धोंडुबाई, मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही चहा घेऊन या."

"माज्यासमोर काय नाय बोलनार ती?"

"बोलेल. पण बायकांचं काही असतं."

"मंग मी काय बाप्या हाय?"

पण उठली. पुटपुटत का होईना, पडद्याबाहेर गेली.

मी हातातला कागद बाजूला ठेवला. "रंभाताई, रोग राहू दे. तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून."

लोकांना दुखणं सांगता येत नाही, दिवस सांगता येतो. रंभानं सांगितलं. उठायचं, आंघोळ, चूल, मग कारखान्याच्या रामवाडीतल्या शेडमध्ये. बाकीच्या बायका अंगाचा रंग, पितांबर, दागिने करतात. डोळ्यांची आखणी मात्र रंभाची. सून म्हणून आली तेव्हा सासूनं शिकवलेली. आंघोळ केल्याशिवाय आखणीला बसायचं नाही. बोलताना तिनं पाण्याचा ग्लास उचलला, तो दोन्ही हातांनी. उजवं मनगट खाली पडत होतं.

"हात कधीपासून असा?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सासूला सांगू नका. हात गेला म्हनलं तर आखनी दुसरीला देतील. माजी वलख तेवडीच हाय."

पोट आणि हात. आतापर्यंत कागदावर एकटं पोटच होतं. रंगातून काही पोटात जात असेल का, अशी माझ्या मनात शंका आली आणि मी घाईनं, सरळ विचारून बसले, "कुंचला तोंडात घालता का?"

"नाय!" ती ताडकन उठून बसली. "उष्टा कुंचला देवाला लावीन मी? तुमी पन देवाधर्माच्या, असं कसं इचारता?"

तिचे डोळे भरले होते. माझा प्रश्न तिला आरोपासारखा लागला होता, आणि आरोपाला माणूस नाहीच म्हणणार. मी तिचा हात धरला. मग केसपेपरची कोरी बाजू पुढे केली, पेन दिलं.

"राग सोडा. मला एक डोळा काढून दाखवा. कसा काढता ते मी कधी जवळून पाहिलंच नाही."

कामाचं नाव काढल्यावर तिचा चेहराच बदलला. डाव्या हातानं उजवं मनगट सावरून तिनं पेन धरलं, कागदाकडे नीट पाहिलं, आणि रेघ ओढण्याआधी पेनाचं टोक ओठांत धरून अलगद फिरवलं.

मग तिथेच थांबली. पेन ओठांपाशी, नजर माझ्याकडे.

"अगो बाय," ती म्हणाली. "मला ठावंच नव्हतं. हातच तोंडाकडं जातो." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "पाप घडला माज्या हातून. इतक्या मूर्ती."

"रंभाताई, ऐका. मूर्तीत देव कधी येतो?"

"चवथीला. प्रानप्रतिष्ठा झाल्यावर."

"मग तोवर काय असते ती?"

तिनं नाक पुसलं. "माती."

"माती, आणि तुमची मेहनत. मातीला उष्टं लागत नाही. मी रोज पूजा करणारी बाई तुम्हाला सांगतेय. आता मला सांगा, रंग कुठले?"

"डोल्याला काला. कपालावरच्या गंधाला शेंदूर. आमच्याकडं खराच लागतो, सासऱ्यांपासूनची रीत हाय. त्याची रेघ लय बारीक, मंग कुंचल्याचा टोक करावा लागतो."

शेंदूर. खऱ्या शेंदरात शिसं असतं, आणि ते पोटात कळा आणतं, मनगटही पाडतं. मी पडदा सारून डॉक्टरांना हाक मारली. इतक्या मोठ्यानं की वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

डॉक्टरांनी तिचा ओठ खाली करून बघितला. हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ होती. त्यांनी तिथूनच पनवेलला फोन लावला. "सर, ऑपरेशन थांबवूया. मला शिशाची विषबाधा वाटतेय. कामात रोज शेंदूर पोटात जातोय." पलीकडून बरेच प्रश्न आले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हो सर, लक्ष ठेवतो," आणि माझ्याकडे बघून त्यांनी होकाराची मान हलवली.

तेवढ्यात धोंडुबाई पिशवी घेऊन आली. "चला, गाडी आली."

"गाडी परत पाठवा," डॉक्टर म्हणाले. "पोट कापायचं नाही."

"मंग तिचा दुखना काय नाटक हाय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पोटाचं, आणि रंभानं डोळ्यांनी हो म्हटल्यावर हाताचंही. ऐकता ऐकता ती खाटेच्या कडेवर टेकली.

"टोक व्होटावर कर, असा मीच शिकवला तिला," ती म्हणाली. मग स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातानं उचलून बघत राहिली. "माजी आखनी सुटली ती ह्याच्यानंच काय? समदी वात झाला म्हनत व्हती."

रंभानं सासूचा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. 

मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात शिसं भरपूर निघालं. औषधं सुरू झाली, शेडमधून खरा शेंदूर गेला, साधा शेंदरी रंग आला. पोटातल्या कळा आधी थांबल्या. हाताला वेळ लागला. पण एके दिवशी तपासणीला आलेल्या रंभानं माझ्यासमोर एका हातानं ग्लास उचलला, भरलेला, आणि घटाघट पिऊन टाकला. डॉक्टरांनी टाळीच वाजवली.

खरी गंमत त्यानंतरची. एका सकाळी दवाखान्याच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि आजूबाजूच्या कारखान्यांतल्या बायका भराभरा उतरल्या. पुढे धोंडुबाई.

"सिस्टर, ह्यांचा पन रगत घ्या. समद्या कुंचला तोंडात घालतान, आनी समद्या नाय म्हनतान!"

"आनी तू गो?" मागून एकीनं टोमणा मारला.

"मी तर समद्यांच्या आदी घातला!" धोंडुबाई ठसक्यात म्हणाली, आणि सगळा दवाखाना हसला. जी गोष्ट एकीच्याही तोंडून निघत नव्हती, ती त्या दिवशी रांगेत उभ्या राहून मोठमोठ्यानं सांगत होत्या.

चतुर्थीच्या आधी मी शेडमध्ये गेले. एक मोठी मूर्ती रंभासाठी डोळ्यांविना थांबवून ठेवलेली होती. रंभानं कुंचला ओल्या फडक्यावर फिरवून टोक केलं. धोंडुबाई समोरच बसून तिच्या ओठांवर पहारा देत होती. रंभानं श्वास रोखला. एक रेघ, मग दुसरी. मनगट हललं नाही.

ती मागे सरली. शेडमधली कुजबुज थांबली, आणि मूर्तीनं आमच्याकडे बघितलं.